क्लचवरचा पाय

रिवेटचं डोकं घासून पार सपाट झालं होतं आणि दारातून येणाऱ्या उजेडात चकचकत होतं. क्लचप्लेटमधला तो एवढासा पितळी ठिपका प्रसेनजीत अंगठ्यानं पुनःपुन्हा चाचपत राहिला. प्लेटवरचं अस्तर रिवेटपर्यंत संपलेलं, रिवेटांनी फ्लायव्हीलला, प्लेट ज्यावर दाबून बसते त्या चाकाला, चर पाडलेले, आणि फ्लायव्हीलच्या तोंडावर निळेकाळे डाग, करपलेल्या तव्यासारखे. लेथवर घासून घेऊनही आता भागणार नव्हतं. आपल्या हातानं बसवलेली कोरी प्लेट आठ महिन्यांत संपावी... उद्यमनगरात उभा जन्म गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाला, प्लेट कशानं संपते हे काय कुणी सांगायला हवं होतं?

बिघाडाचं निदान सकाळीच झालं होतं. हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर इंजिन हिसका देऊन बंद पडायला हवं. ते आपलं गुरगुरत राहिलं आणि करपट वास सुटला. क्लच घसरतो आहे, हे कुणीही सांगेल. पण का घसरतो — तिथपर्यंत मन यायचं आणि फाटा फोडून दुसरीकडे जायचं. प्लेटच बोगस असेल, दुकानदारच चोर... गिअरबॉक्स खाली उतरेपर्यंत दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. मग क्लचचं बेअरिंग हातात आलं. तेही त्यानं प्लेटबरोबर नवंच घातलं होतं, आणि आता फिरवलं तर खरखरत होतं, भाजून निळं पडलं होतं. शिकाऊ माणूस प्लेट जाळतो, बेअरिंग नाही. बेअरिंग मरतं ते पेडलवरचा पाय उचललाच नाही तर — मैलोन्मैल, सरळ रस्त्यालासुद्धा.

आणि गाडी अण्णाची होती.

“क्लच म्हंजे पायपुसणं न्हवं, जीत्या. काम झालं की पाय उचल.” गडमुडशिंगीच्या माळावर, उधारीच्या जीपमध्ये, शेजारी बसून अण्णा हे इतक्यांदा म्हणाला होता की प्रसेनजीतला ते झोपेतही ऐकू यायचं. बाप गेल्यावर त्याला वाढवलं ते या थोरल्या भावानं, अण्णासोनं, राधानगरीच्या रस्त्यावर एसटी चालवत. अण्णासोची गाडी नवा क्लच मागत नाही, असं डेपोत म्हणायचे. निवृत्त झाल्यावर फंडातून त्यानं पुण्याहून ही पिवळी, जुनी स्पोर्ट्स कार आणली, दोन सीटांची, जमिनीला टेकलेली. जन्मभर माणसं पाठीवर घेऊन हिंडलो, आता एकट्यानं जरा पळतो की, म्हणाला. “ह्यात बसायचं का झोपायचं?” मीनावहिनीनं विचारलं होतं, आणि सगळ्यांत जास्त अण्णाच हसला होता.

मग आठ महिन्यांपूर्वी पहिली प्लेट जळाली. तेव्हा सोनम, अण्णाची मुलगी, गाडी शिकत होती. तेव्हा दुसऱ्या कुणाचा पाय मनात येणंच शक्य नव्हतं... आपण ओरडलो तिच्यावर, इथंच, चार माणसांदेखत. टाचेच्या चपला घालून गाडी चालवतीस, बापाच्या हौसेची राख केलीस. तिनं एकदा अण्णाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चुकलं काका.” अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा होता. त्यानंतर सोनम गाडीत बसली नाही. भेटली तर जयभीमसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची, आणि पोरगी शेफारली असं प्रसेनजीत खुशाल समजत होता.

आठ महिने गाडी एकट्या अण्णाकडे होती.

आता सगळं एकावर एक येत गेलं. अण्णाच्या डाव्या चपलेचं नाक फरफटून झिजलेलं आणि त्यानं चांभाराला दिलेला दोष. लग्नाच्या मांडवात एक पायरी चढायला चौकटीला धरलेला हात, आणि त्यावर ‘म्हातारा झालास की’ म्हणून आपण केलेली थट्टा... सोनमला ठाऊक होतं. म्हणजे वहिनीलाही. सगळ्या घरानं मिळून लपवलं, ते एकट्या त्याच्यापासून — कारण गाडीची किल्ली काढून घेणारा तोच एक होता. ते त्याला फार लागलं. इतकी वर्षं आपण घरचे आहोत असं वाटत होतं, आणि घरानं आपल्याला गॅरेजवाला ठरवून टाकलं.

पुण्याच्या जुन्या मालकानं गाडीबरोबर दिलेलं जादा फ्लायव्हील माळ्यावर होतं. प्रसेनजीतनं ते पुसून बसवलं, नवी प्लेट मधोमध धरली, बोल्ट समोरासमोरचे घेत आवळत गेला. हात काम करत होते. घाटातल्या वळणावर तो पाय उचललाच गेला नाही तर... हात तरीही आवळत होते.

दुपार कलताना अण्णा रिक्षातून उतरला. उंबऱ्याशी आल्यावर त्यानं गुडघ्याजवळ पँट मुठीत धरली आणि डावा पाय उचलून आत ठेवला, सामान ठेवावं तसा.

“झाली का रं?”

“फ्लायव्हीलबी गेलतं. बदललं.”

“प्लेटी बोगसच निघत्यात आताशा.”

“प्लेट चांगली हुती, अण्णा.” प्रसेनजीतनं हात पुसले, पुसत राहिला. “आणि सोनमचा पाय न्हवता त्यो.”

अण्णा बाकावर बसला.

“मी सांगितलं न्हवतं पोरीला,” तो म्हणाला. “तिनं आपणहून अंगावर घेतलं.” आणि मग, आवाज न बदलता, “पायाची शीर वाळत चाललीया म्हणं. डाक्टरनं गाडी सोडा म्हणून सांगितलंय. पेडल जरा हलकं करता येतंय काय रं?”

“येतंय की,” प्रसेनजीत म्हणाला. लगेच, कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. स्प्रिंग बदलायची, पेडलची दांडी थोडी लांब करायची, अर्ध्या तासाचं काम.

मग तो गाडीखाली सरकला. ज्यानं आपल्याला वाढवलं, पहिला पाना ज्यानं घेऊन दिला, त्या माणसानं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं, आणि नेमकं देता येण्यासारखं मागितलं. येत नाही म्हणायचं होतं, म्हणजे गाडी आपोआप सुटली असती. एवढं एक खोटं बोलायचं होतं फक्त, आणि ते त्याला सुचलं नव्हतं.