वालूरचे आठ महिने

कचेरीसमोर बसून अर्ज लिहायला लागून मला चौदा वर्षं झाली होती. परभणीत माझ्याइतकं साफ उर्दू अक्षर दुसऱ्या कुणा अर्जनवीसाचं नव्हतं, हे माझ्यावर जळणारेही कबूल करत. लोक मराठीत सांगायचे, मी सरकारी उर्दूत उतरवायचो, मग मराठीत वाचून दाखवायचो आणि खाली अंगठा घ्यायचो. सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं, असा नियम होता. मी तो पाळत नसे. लोकांना आपली बाजू धड मांडता येत नाही, ती आपणच सावरून घ्यावी लागते, असं माझं ठाम मत होतं. त्यासाठी मी जादा पैसेही घेत नसे. लोकांवर तेवढे उपकार मी फुकट करायचो.

तेराशे एकोणपन्नास फसलीत, म्हणजे इंग्रजी चाळीस साली, चुडाव्याचा आश्रुबा माझ्यापुढे येऊन बसला. पस्तिशीचा, लॉरी चालवणारा गडी. पण वर्षभरापासून त्याच्या हातात गाडी नव्हती, पूर्णा स्टेशनवर तो पोती उचलत होता.

"पाठ गेली, दिनकरराव," तो म्हणाला. "आजून एक सुगी पोती उचलली तर गाडीवर बसायच्याबी लायकीचा राहणार न्हाई म्या."

परभणीतल्या एका जिनिंग फॅक्टरीनं नवी लॉरी घेतली होती आणि तिला ड्रायव्हर हवा होता. राहायला खोली मिळणार होती. अट एकच होती: आजवर कुणाकडे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत आणि ते का सुटलं, हे सगळं अर्जात लिहायचं. काही लपवलेलं सापडलं तर अर्ज रद्द. हैदराबादला राहणाऱ्या मालकानंच तसं कळवलं होतं.

आश्रुबानं सांगायला सुरुवात केली. पहिली सहा वर्षं हिंगोलीत एका ठेकेदाराच्या लॉरीवर. ठेकेदारानं गाडी विकली म्हणून ते काम सुटलं. मग वालूरला बन्सीधर शेठकडे आठ महिने.

"ते का सुटलं?"

"दुधनेच्या उतारावर बिरेक गेला. गाडी खाली पात्रात जाऊन उलटली. शेठनं घरी बसवलं."

मी टाक खाली ठेवला. "आश्रुबा, हे लिहायचं नाही."

"का बरं?"

"अरे, गाडी उलटवणाऱ्याच्या हाती कुणी नवी कोरी लॉरी देईल का? हिंगोलीची सहा वर्षं आहेत, तेवढी पुरे."

"न्हाई, दिनकरराव. झालं ते लिवा. मागून कुणी सांगितल्यावर कळण्यापरीस आमच्याच तोंडून कळू द्या. मग ठिवायचं तर ठिवतील, न्हाई तर पोती हायतच."

"बरं, लिहितो," मी म्हणालो.

आणि लिहिलं नाही. वालूर गाळलं आणि मधे भगदाड दिसू नये म्हणून हिंगोलीचे आठ महिने वाढवले. मग कागद डोळ्यांपुढे धरून मी मराठीत वाचून दाखवलं. त्यात वालूर होतं, दुधना होती, ब्रेकही होता. कागदावर नव्हतं ते सगळं मी न अडखळता वाचलं. चौदा वर्षांची सवय होती. आश्रुबानं समाधानानं मान हलवली आणि अंगठा उठवला. आपण एका भोळ्या माणसाचं कल्याण केलं, असं मनाशी म्हणून मी पान लावलं.

पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला. फॅक्टरीतून बोलावणं आलं होतं आणि मी सोबत यावं असं त्याला वाटत होतं. तिथं उर्दूत काही विचारलं तर पंचाईत नको. धुतलेलं धोतर, नवा पटका. स्वारी जणू खोलीची किल्ली घ्यायलाच निघाली होती. मीही तोऱ्यातच गेलो. माझा अर्ज फळाला आला, असंच मी धरून चाललो होतो.

फॅक्टरीचे कारभारी व्यंकटराव बोलायला मोजके होते. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक माझ्या अक्षरातला अर्ज. दुसरा मोडी लिपीत लिहिलेला.

"जागा भरली," ते म्हणाले. "कालच. माझा इरादा तुलाच घ्यायचा होता, म्हणून एक गोष्ट विचारायला बोलावलं. वालूरची नोकरी तू का लपवलीस?"

"लपवली न्हाई जी. अर्जात हाय की. दिनकररावांनी वाचून दाखवलीया."

व्यंकटरावांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. आश्रुबा माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. मी आता बोट ठेवून ती ओळ दाखवीन, एवढीच तो वाट पाहत होता.

"राहून गेलं असेल लिहिताना," मी म्हणालो.

"राहून गेलं, तर मग हिंगोलीचे आठ महिने वाढले कसे?"

"मी वाढवले," मी म्हणालो. "यानं वालूरचं लिहायलाच सांगितलं होतं. मीच गाळलं."

व्यंकटराव माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी दुसरा कागद उचलला. तो बन्सीधर शेठचा होता. शेठचा कापूस याच फॅक्टरीत यायचा. ड्रायव्हर हवा आहे हे कानावर गेलं, तेव्हा त्यांनी आपणहून पत्र पाठवलं होतं. व्यंकटरावांनी त्यातलं थोडक्यात सांगितलं: आश्रुबानं तिथं आठ महिने गाडी चालवली, ब्रेक खराब आहे हे त्यानं दोनदा बजावलं होतं, शेठनंच दुरुस्ती पुढे ढकलली. गाडी उलटल्यावर खांद्याला मार लागलेला असताना हा दोन दिवस पात्रात मालाजवळ बसून राहिला. गाडी मोडली म्हणून काम सुटलं, माणसात खोट नव्हती. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

"या पत्रावर मी तुझं नाव पक्कं केलं होतं," व्यंकटराव म्हणाले. "पण अर्ज आणि पत्र दोन्ही हैदराबादला गेली. मालकांनी दोन्ही ताडून पाहिली. जो नेकीनं केलेली नोकरीही लपवतो, तो आणखी काय लपवत असेल, असं त्यांनी लिहिलं आणि दुसऱ्याला घ्यायला सांगितलं. आता माझ्या हाती काही नाही."

गाळलं नसतं, तर त्या आठ महिन्यांवरच त्याला गाडी मिळाली असती. आणि ते आठ महिने पुसायला मी माझं सगळ्यात सुबक अक्षर खर्च केलं होतं. मला तिथं बसवेना.

आश्रुबा त्या मोडी कागदाकडे वाकला. मग म्हणाला, "शेठ मला कदी चांगलं बोलले न्हाईत. त्यांनी आसं लिवलंय?"

"स्वतःच्या हातानं."

"ते पत्र मला मिळंल का?"

व्यंकटरावांनी पत्र त्याच्या हातात दिलं. आश्रुबानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो. फाटकापाशी नवी लॉरी उभी होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो पत्राकडेच पाहत होता. अक्षर त्याला एकही लागत नव्हतं.

काहीतरी करावं म्हणून मी हात पुढे केला. "आण, सगळं नीट वाचून दाखवतो. नवा अर्जही लिहून देतो, दुसरीकडे कुठंतरी—"

त्यानं पत्राची घडी घातली आणि पटक्यात खोचली.

"ऱ्हाऊ द्या, दिनकरराव," तो म्हणाला. "म्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतो."

आवाजात राग नव्हता. तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. थोडं पुढे गेल्यावर समोरून शाळेचे एक मास्तर येत होते. त्यांच्या ओळखीचा तो नसावा. त्यानं त्यांना हात जोडून थांबवलं, पटक्यातून पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.