माझं नऊ दिवसांचं देवपण

मित्रांनो, मी एक जुना आणि वाकडा चिरा आहे. वाकडा हे मी आपणहून सांगतो, म्हणजे तुम्हाला मागाहून शोधून काढायचा त्रास नको. पूर्णगडच्या खाडीवरून वरच्या कातळी माळाकडे, म्हणजे सड्याकडे, चिऱ्यांच्या पायऱ्यांची जी वाट चढते, तिला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. त्या पाखाडीच्या माथ्याला, अगदी धाप लागते त्या जागी, गडग्याला, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणाला, पाठ टेकून मी पडलो आहे. माझी एक बाजू माणसाच्या कमरेइतकी उंच आहे, दुसरी गुडघ्याइतकी, आणि मधे उतार.

हा उतार कसा आला तेही ऐका. सड्यावरच्या खाणीत पाथरवट मला देवळाच्या जोत्यासाठी काढत होता. अर्धं काम झालं आणि त्याला समोरच्या आंब्याला लागलेला पहिला पाड दिसला. तो हत्यार टाकून आंब्याखाली गेला, सावकाश चोखून आला, बोटं चाटली, आणि उरलेली बाजू त्या चवीच्या तारेतच कापली. देवळाच्या मंडळींनी मला पाहिलं आणि एका आवाजात सांगितलं, "हा देवळात घालण्याच्या लायकीचा नाही." परत खाणीत नेणार कोण? चार गड्यांनी मला पाखाडीच्या तोंडाशी आणून टाकलं. खाली एक लहान दगड अडकला, तो अडकलाच. त्यामुळे कुणी दाणकन बसलं की मी आजही जरासा डुलतो.

पण मित्रांनो, जोत्यात न बसणारा मी माणसांना मात्र नेमका बसलो. पूर्णगडच्या बाया डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सड्यापलीकडच्या गावांत विकायला जातात. भरली पाटी एकटीला उतरवता येत नाही आणि एकटीला डोक्यावर चढवताही येत नाही. जमिनीवर ठेवली तर उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं. माझ्या उंच बाजूवर मात्र ती डोक्यावरून अलगद सरकते आणि जाताना तशीच परत डोक्यावर येते. पाटी उंच बाजूवर, बाई बुटक्या बाजूवर. असा सोयीचा चिरा कुणी ठरवून कापला असता तर त्याचं नाव झालं असतं.

मी स्वभावाने मोजदाद करणारा. पाटी उतरली की बाई पहिली गोष्ट काय करते? पदर सारखा करत नाही, घाम पुसत नाही. ती डोक्यावरची चुंबळ काढते आणि पाची बोटं केसांत घालून डोकं खाजवते. त्या वेळचे चेहरे मी पाहिले आहेत. राजाला गादीवर बसवताना त्याचा चेहरा एवढा खुलत असेल असं मला वाटत नाही.

या सगळ्यांत गंगुबाई माझी लाडकी. साठी उलटलेली, लेक मासेमारीच्या मचव्यावर, आणि सोबत सून हौसा. हौसा विशीतली, पायाला भिंगरी. साल एकोणीसशे सव्वीस असेल. रत्नागिरीत तेव्हा मोटारी आल्या होत्या, पण पाखाडी चढणारी मोटार काही आली नव्हती. पहिल्याच दिवशी हौसा बसायलाही तयार नव्हती.

"आत्याबाई, चला. बांगडा नरम पडंल."

"पडू दे. आज काय गावला ता सांग आदी."

"काय गावायचं हितं? धोंडा हाय नि गडगा हाय."

"मग धोंड्यात बग. काय तरी गावल्याशिवाय पाटी उचलायची नाय, असा माझा नेम हाय."

हौसाने कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर भोकं पुष्कळ; चिऱ्याच्या जातीलाच ती असतात. एका भोकाच्या तोंडाशी एक मुंगी माशाचं खवलं ओढत होती. खवलं मुंगीच्या दसपट, ते काही आत जाईना. मुंगीने ते सोडलं, भोवती एक फेरी मारली, खवलं आडवं होतं ते उभं केलं आणि सुर्रकन आत नेलं.

हौसा खो खो हसली. "अगो बाय! आनी तुमच्या लेकानं पेटी दारात अडकली म्हनून चौकट उखडली!"

"म्हनून तर सांगतंय," गंगुबाई म्हणाली, "त्याला पन हितं आनून बसवाया होवा."

त्या दिवसापासून हौसालाही चटक लागली. आवळा चावून वर घोटभर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, हे गावलं. खवलं उन्हात धरलं की त्यात सात रंग दिसतात, हे गावलं. गुरवाचा बैल कान हलवतो तो आधी डावा आणि मग उजवा, हे तीन दिवस पाहून पक्कं केलं. त्या हिवाळ्यात एकूण एक्केचाळीस गोष्टी गावल्या. त्यांतल्या सहा दुसऱ्यांदा सांगितलेल्या होत्या, आणि एक निव्वळ थाप होती. हौसाने खाडीत देवमासा पाहिला म्हणे.

एवढं सुख चाललं असताना शिमगा आला आणि माझ्यावर देवपण आलं.

झालं असं. चढणीवर हौसाच्या कपाळाचं कुंकू घामाने ओघळलं. ते नीट करायला तिने डबी काढली, ती हातातून सुटली आणि सगळं कुंकू माझ्या उंच बाजूवर सांडलं. तिथे पाटीतलं पाणी गळलेलं. मी लाल झालो. भरीला तिच्या अंबाड्यातला बकुळीचा वळेसर, म्हणजे गजरा, माझ्या पायाशी गळून पडला. त्या दिवशी उशीर झालेला, म्हणून दोघी तशाच निघून गेल्या.

तासाभराने पाखाडी चढून आप्पा आला. हा सड्यावरच्या गावचा, मुंबईत गिरणीत कामाला, शिमग्याला बोटीने आलेला. बोट त्याला इतकी लागली होती की पोटात काही उरलं नव्हतं. जयगडच्या पुढे तो नवस बोलला होता, "जमिनीला पाय लागू दे, पहिला जो देव भेटेल त्याला नारळ फोडीन." खाली बंदरापासून तो देव शोधत वर आला होता. वळणावर त्याला मी दिसलो, लाल, ओला, पायाशी फुलं. आप्पाने वहाणा काढल्या, मला साष्टांग घातला आणि माझ्याच कडेवर नारळ फोडला. गेल्या शिमग्याला याच आप्पाने माझ्यावर बसून पायातला काटा काढला होता. पण माणसाची ओळख रंगाने बदलते, चिऱ्याची का बदलू नये?

आप्पाने गावभर सांगितलं की पाखाडीचा राखणदार प्रकट झाला. दुसऱ्या दिवशी भिकाजी गुरव तेल आणि दिवा घेऊन हजर. भिकाजी माणूस वाईट नव्हे, पण फुटलेल्या नारळाचं अर्धं भकल त्याच्याकडे जायचं आणि त्याला खोबरं फार आवडायचं. त्याने मला तेल चोळलं, माळ घातली आणि जाहीर केलं, "आजपासून इथं कुणी बसायचं नाही. मासळीची पाटी तर टेकवायचीच नाही."

खरं सांगतो मित्रांनो, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. देवळाने नाकारलेल्या चिऱ्याला असं कुणी तेल चोळलं तर तो जरा फुगणारच. तिसऱ्या दिवसापासून मात्र कंटाळा आला. माणसं हातभर लांब उभी राहत आणि मागणी सांगत. गाय दुभती होऊ दे, लेकाचं पत्र येऊ दे, शेजाऱ्याचं वाटोळं होऊ दे. आणि सगळी डोळे मिटून! मिटल्या डोळ्यांना काय गावणार? माझ्यावर चालणाऱ्या मुंगीकडे त्या नऊ दिवसांत एकानेही पाहिलं नाही.

गंगुबाईचे हाल झाले. पाटी टेकायला दुसरी जागा नाही, म्हणून खाडीपासून गावापर्यंत न थांबता चालायचं. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हौशे, जरा पाटी उतर गो माझी."

"कशी उतरू आत्याबाई? माझ्या पन डोक्यावर हाय ना!"

गंगुबाईने पाटी एका हाताने सावरली. मग म्हणाली, "बिनथांब्याचं चालनं मला आता झेपायचं नाय. उद्यापासनं तू एकटी जा. मी ऱ्हातंय घरात."

"घरात काय करशाल?"

"काय करनार? भित हाय समोर. ती बगीन."

हौसाचं तोंड उतरलं. तिने त्याच दिवशी बाजार उरकून भिकाजी गुरवाचं घर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी माझ्यासमोरच वाद घातला. सासूला घरी न ठेवता तिने रिकाम्या हाताने बरोबर आणलं होतं.

"गुरवांनू, ता कुंकू देवाचा न्हाय. ती माझी डबी सांडली."

"सांडली कशी?" भिकाजी म्हणाला. "देवाला लावून घ्यायचं होतं, म्हणून त्याने सांडवली."

गंगुबाई पुढे झाली.

"मासळीची पाटी कशापायी नाय चालत?"

"बाटतो."

"तुमच्या गावच्या राखणदाराला वर्साला कोंबडा लागतो. त्याला कोंबडा चालतो नि माजा बांगडा नाय चालत? असा कसा ह्यो देव, पिसं बगून खानारा?"

जमलेली माणसं हसली. भिकाजी चिडला. "ठीक आहे. आपण कशाला भांडायचं? त्यालाच विचारू. कौल लावू."

कौल म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांसाठी सांगतो. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. जे फूल आधी पडेल ते देवाचं उत्तर.

माझ्या देवपणाच्या नवव्या दिवशी, ऊन कासराभर वर आलं असता, गाव जमलं. भिकाजीने अबोलीची दोन फुलं पाण्यात बुडवून माझ्या दोन अंगांना लावली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! आज तुझी लेकरं तुझ्यासमोर उभी आहेत!"

"होय महाराजा!" गाव म्हणालं.

"तू पाखाडीचा राखणदार असशील तर उजवं दे, महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि नुसता टेकायचा धोंडा असशील तर डावं दे, महाराजा!"

"होय महाराजा!" हे गंगुबाईने एकटीने, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.

आणि सगळे थांबले. फुलं काही पडेनात. मी आधीच सांगितलं, माझ्या अंगाला भोकं फार. दोन्ही देठ दोन भोकांत घट्ट रुतून बसले होते. ऊन चढलं. सड्याची जमीन तापली. कौल लागेपर्यंत हलायचं नाही असा रिवाज, आणि सावलीला झाड नाही. माणसं या पायावरून त्या पायावर होऊ लागली. मी चोवीस जणांचे अठ्ठेचाळीस गुडघे मोजले. एकही सुखात नव्हता. हळूहळू सगळ्यांची नजर फुलांवरून खाली सरकली आणि माझ्या बुटक्या बाजूवर थांबली. भक्ती मी नऊ दिवस पाहिली होती. ही नजर तिच्यापेक्षा कितीतरी मनापासूनची होती.

आप्पा सर्वांत पुढे होता. गिरणीत बारा बारा तास उभं राहून त्याचे पाय सुजलेले. तो डोळे मिटून कौल पाहत होता, म्हणजे पाहत नव्हताच. दुपार व्हायला आली. आप्पाची मान कलली, कंबर वाकली, आणि शरीराने आपल्या जुन्या सवयीची जागा शोधली. आप्पा माझ्यावर दाणकन बसला.

"हुश्श!" तो म्हणाला.

मी डुललो. डावं फूल पडलं.

आप्पाने डोळे उघडले, आपण कुठे आहोत ते पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. भिकाजी ओरडला, "हा कौल धरायचा नाही! माणसाच्या ढुंगणाने पडलेला कौल!"

"तसा कसा?" गंगुबाई म्हणाली. "नऊ दिस त्याच्याजवळ जायची कुनाची छाती नव्हती. मग आप्पाला बसवला कुनी? त्यानंच ना?"

कुणी न सांगता सगळं गाव म्हणालं, "होय महाराजा!"

त्या आवाजात श्रद्धा किती आणि गुडघे किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

भिकाजीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गावाकडे. "मी स्वतः बघतो हा डुलतो का," असं म्हणून त्याने आप्पाला उठवलं आणि तो बसला. मी डुललो. तो उठेल म्हणून सगळे थांबले. तो उठेना. त्याने पगडी काढून मांडीवर ठेवली.

"इथं वारा येतो की!" तो म्हणाला. "तीस वर्षं येतो-जातो मी इथून. कधी लागला नाही."

"बसल्यावर लागतो," गंगुबाई म्हणाली. "उभ्याच्या पाठीमागनं जातो तो."

दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन परत येऊ लागली आणि पुढे सात वर्षं आली. आता तिची दृष्टी गेली आहे, ती घरीच असते. हौसा एकटी येते, बसते, माझ्या भोकाभोकांत डोकावते आणि जे गावेल ते संध्याकाळी सासूला नेऊन सांगते. थापांचं प्रमाण अलीकडे जरा वाढलं आहे. गेल्या महिन्यात तिने दोन देवमासे पाहिले. पण सासू ते ऐकून पोट धरून हसते असं ती म्हणते, म्हणून मी ते थापांत मोजायचं सोडून दिलं.

मित्रांनो, माझी जपणूक करा असं मी सांगणार नाही. चिऱ्याला काय जपायचं? तेल नको, माळ नको. कुणी भलत्याच भक्तीने मला गडग्याच्या आत उचलून ठेवू नका, एवढंच. चढून आलात की बसा. दोघं असाल तर सरकून बसा. फक्त चैत्रातल्या दुपारी टेकण्याआधी एकदा हात लावून बघा. मी फार तापलेला असतो, आणि ओरडून सांगायला मला तोंड नाही.