मॅडमनी सांगितलंय

दूध संकलन केंद्रावरची सकाळची गर्दी ओसरली, तरी रंगनाथ रिकामा कॅन घेऊन उभाच होता. याला काहीतरी बोलायचं आहे, हे सहादेवच्या ध्यानात आलं. सहादेवच्या मुलीसाठी, निकितासाठी, पुणतांब्याचं स्थळ रंगनाथनंच आणलं होतं.

"पावनं रविवारी येत्यात," रंगनाथ हळू आवाजात म्हणाला. "सकाळच्यालाच फाट्यावर उतरतील. त्याच वक्ताला मालनबाई रस्त्यानं सुटलेल्या असत्यात. मानसं चांगली हायेत, पन इचारतील. घराण्यातच हाय का काय, म्हनतील."

सहादेवनं फॅट मोजायच्या मशीनची नळी धुतलेलीच होती. ती त्यानं पुन्हा धुतली.

मालन त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला भिंतीपलीकडून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती तिलाच नावं ठेवत, तिच्या जेवणात काहीतरी कालवल्याचं सांगत. सासरच्यांनी आणून सोडली ती कायमची. देवऋषी झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी संगमनेरच्या दवाखान्यात आजाराला नाव मिळालं आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आवाज निम्म्यावर आले, पण अंग सुटलं, साखर वाढली. वीस वर्षं ती मागच्या खोलीत गोधडीवर बसून राहिली.

गेल्या वर्षी दवाखान्यात पंकजा मॅडम आल्या, रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, गोळ्या चालूच राहतील, पण जोडीला रोज पाऊण तास चालायचं, दम लागेल असं. त्याला औषधच समजायचं. सहादेवला आधी हसू आलं. जी बाई अंगणात येत नाही ती चालणार कुठे? तरी पहाटे केंद्र उघडायच्या आधी तो तिला घेऊन निघू लागला. पहिल्या दिवशी जेमतेम शेजाऱ्यांच्या गोठ्यापर्यंत. पंधरवड्यानं कॅनॉलच्या पुलापर्यंत. दोन महिन्यांत मालन त्याच्याशिवाय फाट्यापर्यंत जाऊन यायला लागली. डोक्यावर पदर, पायात त्याचेच जुने कॅनव्हासचे बूट.

गावात माणूस शेतावर चालतो, डेअरीवर चालतो, मयतीला चालतो. हातात काही नसताना फाट्याला शिवून माघारी येणारी बाई लोकांनी पाहिलेली नव्हती. घरात होती तोवर निदान झाकलेली होती, आता फिरायलाही लागली, असं बायका म्हणत. घरात मात्र वेगळंच घडत होतं. मालनला झोप लागू लागली. एक दिवस राहीबाईच्या, म्हणजे वहिनीच्या, हातून तिनं पीठ काढून घेतलं आणि चार भाकरी थापल्या. आणि एका सकाळी परत आल्यावर, धाप लागलेली असताना, ती आपणहून बोलली.

"दादा, जोरात चाललं की ती मानसं मागं पडत्यात."

कोणती माणसं, हे सहादेवला विचारावं लागलं नाही. तो तोंड फिरवून उसाकडे बघत राहिला.

घरात तिचा विश्वास होता तो एकट्या सहादेववर. राहीबाईनं वाढलेली भाकरी ती हुंगून बघायची. सहादेवनं तळहातावर ठेवलेली गोळी न बघता गिळायची.

त्या संध्याकाळी सहादेव मागच्या खोलीत गेला तेव्हा खरं सांगायचं असंच ठरवून गेला होता. पण खरं सांगायचं म्हणजे, तू पाहुण्यांपासून लपवण्याची गोष्ट आहेस, हे तिला तोंडावर सांगायचं. ते जिभेवर येईना.

"पंकजा मॅडमचा फोन आल्ता," तो म्हणाला. "चालनं काही दिस बंद ठेवायचं म्हनल्या. पायाला इसावा पायजे."

"मॅडम म्हनल्या?"

"व्हय."

मालननं मान हलवली. बूट आपटून माती झाडली आणि ते खाटेखाली सारले.

स्थळ जमलं. अडीच महिन्यांनी लग्न झालं. हळदीच्या आदल्या दिवशी मालनला श्रीगोंद्याला मावशीकडे पोचवलं होतं. पाहुण्यांपैकी कुणी आत्याची चौकशी केली नाही. मधल्या काळात गोळ्या आणायला सहादेव एकटाच जाई आणि मॅडमनी विचारलं की, चाललंय बरं, म्हणे.

ती परत आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पुटपुटत उभी राहू लागली होती. भाकरी सुटली, झोप उडाली. राहीबाईच म्हणाली, आता पोरगी नांदायला गेली, आता तरी तिला चालू द्या. दुसऱ्या पहाटे सहादेवनं हाक मारली, तर मालन जागची उठली नाही.

"मॅडमनी बंद सांगितलंय," ती म्हणाली.

मॅडमनी आता परवानगी दिली आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग त्यांच्याच तोंडून ऐकते.

म्हणून तो तिला संगमनेरला घेऊन गेला. आधी मॅडमना एकटं गाठायचं, सगळं कबूल करायचं आणि मग मालनला आत बोलवायचं, असं त्यानं वाटेत योजलं होतं. पण नंबर पुकारला तशी मालनच पुढे झाली. पंकजा मॅडमनी तिचं वजन पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, चालणं थांबलं का?

"तुमी बंद सांगितलं तवापासनं मी एक दिस बी चालले न्हाई," मालन म्हणाली. शिकवलेली कविता न चुकता म्हणून दाखवावी तसं.

"मी? मी कधी सांगितलं, मालनताई?"

सहादेव जमिनीकडे बघत म्हणाला, "घरात लगीन हुतं, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या त्याला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मालनचा हात धरून तिला उद्यापासून पुन्हा सुरुवात करायला सांगितलं, आधी थोडं, मग वाढवत. मालन त्यांना बरं म्हणाली. मग तिनं सहादेवकडे पाहिलं. राग नव्हता. भिंतीपलीकडच्या माणसांकडे ती ज्या नजरेनं पाहायची तीच नजर होती, आणि त्या नजरेत तो इतक्या वर्षांत कधी सापडला नव्हता. गोळ्यांच्या पट्ट्या त्यानं पुढे केल्या, त्या तिनं घेतल्या नाहीत. त्याच्या हातातून मॅडमनी घेतल्या आणि मॅडमच्या हातून तिनं.

स्टँडपर्यंत ती त्याच्या पुढे चालली. त्याला गाठता येणार नाही इतक्या झपझप. एसटीत शेजारची जागा रिकामी होती, तरी ती तीन बाकं पुढे एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसली.

कंडक्टर आला. सहादेवनं गावाचं नाव सांगितलं, एक फुल, एक लेडीज. लेडीज कोण, असं कंडक्टरनं विचारलं, तेव्हा त्यानं पुढे बोट दाखवलं.

कंडक्टर पुढे सरकला. "बाई, तुमचं तिकीट मागं काढलंय त्यांनी."

मालननं वळून पाहिलं.

"कुनी?" तिनं विचारलं आणि पदराची गाठ सोडून आपले पैसे काढले.