दोघींचा चिमटा

मी एक चिमटा बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, केस उपटायचा, करंगळीएवढा. टोचून बोललो तर रागावू नका. चिमट्यानं चिमटे नाही काढायचे तर काय करायचं?

मला एका किल्लीवाल्यानं बनवलं. बंद पडलेल्या कुलपांच्या पोटातून बारीक स्प्रिंगा काढायला त्याला नाजूक अवजार हवं होतं. पोलादाची पट्टी त्यानं तापवली, वाकवली, टोकं दगडावर घासली. कामाला मी नंबर एक होतो. कुलूप कितीही हट्टी असो, माझ्यापुढे पोट उघडायचं. ते दिवस मानाचे होते.

मग एके दिवशी त्याची बायको दुकानात आली. एका हातानं डोळा दाबला होता, गालावरून पाणी वाहत होतं. "पापणीचा केस आत वळलाय, वाळू घासल्यासारखं होतंय," ती म्हणाली. किल्लीवाल्यानं मला शर्टाला पुसलं आणि तो केस उपटला. तिनं डोळा उघडला आणि हसली. दोघांना वाटलं, काम झालं.

काम कसलं झालं! उपटलेला केस थोड्या दिवसांत परत उगवतो, आणि मधेच तुटला तर खुंट होऊन आणखी बोचतो. दुखण्याचं मूळ राहतं पापणीच्या आत. लहानपणापासून खुपऱ्या होत राहिल्या की पापणीला आतून वण पडतात, ती आकसते आणि केसांसकट आत वळते. मग प्रत्येक उघडझापेला ते केस बुबुळ खरवडतात. हे सांगणारा दवाखाना होता. पण दवाखान्यात जायला चालावं लागतं आणि चिमटा हाताशी असतो. माणसाची जात! हाताशी असेल तेच औषध.

किल्लीवाला वारला. दुकान गेलं, मी राहिलो. त्याची बायको घरी बसून शिंप्याच्या शर्टांना काज-बटण करायची. तिची काजं इतकी रेखीव, की शिंपी ती आपलीच म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायचा. तिनं मला बटणांच्या डब्यात ठेवलं. दाराकडे पाठ करायची, आरशाचा तुकडा गुडघ्यावर ठेवायची आणि मला हातात घ्यायची. डोळ्यांचं शिंप्याला कळलं तर काम जाईल, म्हणून कोणाला सांगायचं नाही. एका बुबुळावर पांढरा डाग पडला, तरी नाही.

तिचा मुलगा पाण्याचा टँकर चालवतो. गावभर पाणी वाटतो आणि घरात पोरीचं तोंड धुवायला अर्धा तांब्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोरीच्या डोळ्यांना चिपडं, चिपडांवर माश्या, आणि हा म्हणतो, "पोरांचे डोळे असेच असतात." याची अक्कल बापाच्या कुलपात राहिली असावी.

सून आली तेव्हा सासूचा हात थरथरायला लागला होता. मग सून मला धरायची, सासू आडवी व्हायची. "हळू गं," ती म्हणायची. "हलू नका हो आई, खुंट राहील," सून म्हणायची. दोघींचं एरवी मिठावरूनही वाजायचं. पण त्या वेळी सासूचं डोकं सुनेच्या मांडीवर असायचं.

आणि मग एका दुपारी सासू झोपलेली असताना सुनेनं डबा उघडला, दाराकडे पाठ केली आणि मला स्वतःच्या डोळ्याशी नेलं.

मला हसू आलं. एका घरात दोन बायका, एकच दुखणं, एकच चिमटा, आणि तरी लपवाछपवी! सुनेला वाटायचं, सासूला आधीच स्वतःच्या डोळ्यांची काळजी, त्यात माझं कशाला. काळजी म्हणे. याला मी मूर्खपणा म्हणतो.

अशात एक दिवस गल्लीत जीप आली. तपासणीची माणसं होती. किती मुलांच्या पापण्यांत खुपऱ्या आहेत, किती मोठ्यांचे केस आत वळलेत, हे घरोघरी बघायचं. मोठ्यांमध्ये हजारात दोनापेक्षा कमी निघाले तर हा रोग संपायला आला असं म्हणता येतं. नाहीतर औषधं, ऑपरेशनं, सगळं पुढे चालू. नर्स होती, तिच्या कपाळावर भिंगाचा चष्मा. बरोबर मोबाईलवर उत्तरं भरणारा एक गडी. आणि पुढे पुढे नाचणारा आमच्या वस्तीचा पुढारी.

"तिकडची घरं बघा मॅडम," पुढारी म्हणाला. "फरशीची आहेत, स्वच्छ आहेत. इथं काय बघायचंय?"

"घरं चिठ्ठी टाकून निघालीत," नर्स म्हणाली. "स्वच्छ घरंच बघायची असती तर मी माझ्याच घरी बसले असते."

एवढं एक वाक्य मला आवडलं. बाकी तिचाही मला रागच आला. इतकी वर्षं कुठं होतीस, बाई?

आधी नात. चार वर्षांची. नर्सनं तिची वरची पापणी उलटली आणि पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आत दाणे आहेत," नर्स म्हणाली. "खुपऱ्या. मलम देते. रोज साबणानं तोंड धुवा, तिचा टॉवेल वेगळा ठेवा. वर्षानुवर्षं असंच चाललं तर मोठेपणी केस आत वळतील."

मी डब्यात होतो, झाकण अर्धं उघडं. वाटलं, आली, तिसरी पिढी आली.

मग सासू. नर्सनं भिंग खाली ओढलं आणि बराच वेळ बघितलं. "आजी, हे केस कोण उपटतं?"

"कोणी नाही. वयानं गळले."

"गळलेली पापणी वेगळी दिसते, आजी."

"मग तुझं भिंग खराब असेल पोरी. मी सुईत दोरा ओवते या डोळ्यांनी!"

धडधडीत खोटं. कित्येक दिवस दोरा सूनच ओवत होती. मोबाईलवाला बोट वर धरून थांबला. पुढारी घाईनं म्हणाला, "म्हातारी सांगतेय ना गळले म्हणून? लिहा की तसं!"

नर्सनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात चोळून साफ केले आणि सुनेला समोर बसवलं. भिंग जवळ नेलं. मग हळू आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही पण?"

सुनेनं सासूकडे बघितलं. 

"काय पण?" सासू म्हणाली. "काय गं? काय म्हणतेय ही?"

"माझेही केस आत वळलेत, आई."

"कधीपासून?"

"पोरगी अंगावर पीत होती तेव्हापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कोणाला बोललात?"

  म्हातारी उठली. भिंत चाचपत कोपऱ्यापर्यंत आली, डब्यात हात घातला, चार बटणं खाली सांडली. मला उचललं आणि नर्सच्या पुढ्यात जमिनीवर आपटलं.

"हा घे. यानंच उपटतो, मी पण आणि ही पण. लिही. पण आधी हिचं लिही. माझं काय, एक डोळा गेलाच आहे, दुसराही अंधुक. हिचे दोन्ही शाबूत आहेत. ते गेले तर तुला सोडणार नाही."

चारचौघांत मी उघडा पडलो होतो. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला म्हातारीचा तिरस्कार वाटला नाही. पुढाऱ्याचा मात्र दुप्पट वाटला, कारण तो कपाळाला हात लावून म्हणत होता, "आजी, आजच बोलायचं होतं का तुम्हाला?"

नर्सनं दोघींना ऑपरेशनसाठी चिठ्ठी लिहून दिली. रात्री टँकरवाला कुरकुरला. "ऑपरेशनला कोण नेणार? मला गाडीवर जायचंय."

"तिला दिसेनासं झाल्यावर तुझी गाडी तिचा हात धरणार आहे का?" म्हातारी म्हणाली. सकाळी त्यानं टँकर उभा ठेवला आणि दोघींना घेऊन गेला. जाताना तोंड पाडलं होतं. पण गेला.

सुनेच्या पापण्या बाहेर वळवल्या. टाके निघाल्यावर ती दारात उभी राहून नुसती डोळ्यांची उघडझाप करत होती. म्हातारीच्या पापण्याही नीट केल्या. टोचणं थांबलं, पण डागाखालची नजर परत आली नाही. शिंप्यानं ऐकलं आणि शर्ट पाठवणं बंद केलं. तीच काजं दाखवून त्यानं दुकान वाढवलं होतं. काही दिवसांनी पुन्हा पाठवायला लागला, आता सून काजं करते. तोच शिंपी म्हणतो, "हात सासूवर गेलाय." म्हातारी बोटांनी चाचपून सांगते, "हे उसव, तिरकं आहे." मिठावरून अजूनही वाजतं.

तपासणीचा आकडा हजारात दोनाच्या वर निघाला. फक्त आमच्या घरामुळे नव्हे, अशी घरं आणखी होती. वस्तीत सगळ्यांना औषध दिलं, काही काळानं पुन्हा तपासणी आहे. पुढाऱ्यानं 'रोगमुक्त वस्ती' असा मोठा फलक आधीच रंगवून घेतला होता. तो येऊन म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असता तर नाव झालं असतं."

"गप्प बसूनच डोळा गेला," म्हातारी म्हणाली. "नाव काय चाटायचंय?"

नातीचं तोंड आता रोज धुतलं जातं. ती रोज बोंबलते. बोंबलू दे.

मी डब्यात पडून असतो. टोकांवर गंज चढलाय. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या कामाची मला लाज होती तेच बंद पडलं.

परवा शेजारची इस्त्रीवाली आली. पदरानं डोळा टिपत, इकडेतिकडे बघत. "मावशी, तुमचा तो चिमटा जरा देता का? आत्ता आणून देते."

म्हातारीनं तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे केलं आणि सुनेला हाक मारली. सून वाकली, बघितलं आणि म्हणाली, "आत वळलेत."

"तसं काही नाही हो," इस्त्रीवाली म्हणाली. "एकच केस आहे."

"मला पण एकच होता," म्हातारी म्हणाली. "चप्पल घाल."

"आत्ता? कपड्यांचा ढीग पडलाय..."

"पडू दे. मी येते बरोबर. मला नीट दिसत नाही, तू मला धर. तू मागे फिरलीस तर मी तुला धरते."

दोघी गेल्या. दार उघडंच राहिलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याबद्दलही माझं मत फार चांगलं नाही. तुमच्या घरात कोणी दाराकडे पाठ करून आरशात बघतंय का, हे तुम्ही कधी बघितलंय? बघा. आणि डोळ्यात बोचत असेल तर मला मागायला येऊ नका. आलात, तर म्हातारी चप्पल घालायला लावील.