झाकणाचं भांडं

घरी पाहुणे येणार म्हटलं की बाईंची पहिली नजर जायची ती सासूबाईंच्या खाटेखाली. तिथे एक पांढरं, झाकणाचं भांडं असायचं. म्हातारीचे गुडघे धरलेले आणि संडास जिन्याच्या खाली, त्यामुळे रात्रीची सोय खाटेखालीच करावी लागे. बाई ते भांडं उचलून मोरीत बादलीआड दडवायच्या आणि पाहुणे परत जाईपर्यंत म्हातारी बिचारी अवघडून बसायची.

"अगं, भांडंच आहे ते, चोरीचा माल नाही," सासूबाई म्हणायच्या.

"आई, लोक काय म्हणतील?"

"आणि लोक आपापल्या घरी काय करतात? का सगळे देवच आहेत?"

बाई तरीही भांडं दडवायच्याच. मुलींच्या शाळेत त्या व्यायाम शिकवत. आवाज खणखणीत, शिस्त करडी. दर हिवाळ्यात त्या आठवीच्या मुलींना डोंगरावरच्या पठारावर शिबिराला नेत, आणि त्या शिबिराचं शाळेत मोठं नाव होतं. पूर्वी एकदा एक मुलगी रात्री अंधारात बाहेर पडून पाय मुरगळून बसली होती. तेव्हापासून बाईंनी नियमच केला. दिवस मावळला की पाणी पिणं बंद म्हणून पिंपाच्या तोटीला फडकं बांधायचं. झोपण्याआधी सगळ्यांनी रांगेने झाडांपलीकडच्या संडासाला जाऊन यायचं. मग तंबूच्या चेन बंद, त्या सकाळच्या शिट्टीपर्यंत. 'माझ्या शिबिरात रात्री एकही मुलगी तंबूबाहेर पडत नाही,' हे वाक्य बाई शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा बोलल्या होत्या, की इतरांना ते पाठ झालं होतं.

त्या वर्षी बाई सामान भरत असताना सासूबाईंनी विचारलंच, "एवढ्या गारठ्यात पोरी रात्री जातात कुठे?"

"जात नाहीत."

"जात नाहीत म्हणजे? देवाने त्यांना काय नळ बसवून दिलाय, फिरवला की बंद? थंडीत उलट जास्तच लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"सवय लागते आई. शिस्त म्हणतात त्याला."

"शिस्तीला पोट नसतं गं. पोरींना असतं," असं म्हणून म्हातारीने कूस बदलली.

पठारावरची ती रात्र फार वाईट होती. वारा तंबूंना झोडपत होता, आणि सकाळी गवत पांढरं पडलं होतं. शिट्टी झाली, मुली कुडकुडत रांगेत उभ्या राहिल्या. टिल्ली तेवढी आली नाही; झोपली असेल म्हणून तंबूतल्या मुलींनी तिला उठवलं नव्हतं. वर्गात सगळ्यांत ठेंगणी म्हणून ती टिल्ली. एरवी शिट्टीच्या आधी तयार असणारी पोर.

बाई तंबूत शिरल्या. टिल्ली आपल्या स्लीपिंग बॅगमध्ये नव्हती. ती बॅग गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबलेली होती आणि मुलगी मागच्या कडेला, उघड्या जमिनीवर, पोटाशी पाय घेऊन पडली होती. ओठ निळे पडलेले. बाईंनी तिला उचलायला हात घातला आणि हाताला ओलं लागलं. बर्फासारखं गार, ओलं.

"हे काय केलंस!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

टिल्लीची जीभ जड झाली होती. तरी तिने बाईंची बाही धरली. "बाई... कुणाला सांगू नका."

त्यानंतरची धावपळ बाईंना पुढे कधी नीट आठवली नाही. कोरडे कपडे, पाचसहा घोंगड्या, दूधवाल्याची गाडी, घाटाची वळणं, आणि मांडीवर अधूनमधून उघडझाप करणारे दोन डोळे. जीव वाचला, पण छातीत पाणी झालं. टिल्ली दवाखान्यात पडून राहिली.

बाई भेटायला गेल्या तेव्हा वॉर्डाच्या दाराशी तिची आई उभी होती. रडून रडून चेहरा सुजला होता. "बाई, तुम्ही तरी समजवा हो तिला. घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. प्यायलं की नर्सला हाक मारावी लागेल म्हणते."

बाई खाटेशी बसल्या. तिचं पांघरूण सारखं केलं. मग त्यांनी विचारलं, "मला उठवायचं तरी, बाळा. मी शेजारच्याच तंबूत होते ना?"

टिल्ली छताकडे बघत होती. "तुम्ही जाग्याच होतात," ती म्हणाली. "तुमच्या तंबूची चेन वाजली. बॅटरीचा उजेड दिसला. तुम्ही झाडांकडे गेलात. वाटलं, तुम्हाला हाक मारावी, तुमच्याबरोबर जावं. पण मग नियम आठवला. तुम्ही परत आलात, चेन लावलीत. मग मला नाहीच राहवलं. वास येईल, बाकीच्या हसतील, म्हणून बाजूला झोपले."

होय, बाई गेल्या होत्या! त्या दरवर्षीच जात. लागली की बॅटरी घेऊन खुशाल जात, परत येऊन घोरत पडत. नियम मुलींसाठी होता. आपण नियम मोडतोय असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांना धीर दिला. "मुलगी मुळात नाजूक असणार. छातीचा जुना त्रास. पालकसभेत तसंच सांगू. तुमच्यावर काही येणार नाही. आणि पुढच्या वर्षीपासून मुलींची शिबिरं बंद. नकोच ती कटकट!"

त्या संध्याकाळी बाई सासूबाईंच्या खाटेच्या कडेला बसल्या आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं.

"शिबिर बंद करणार म्हणे," म्हातारी म्हणाली. "डोकं दुखतं म्हणून कुणी डोकं कापतं का? चूक तुमची, आणि घरी बसायचं पोरींनी? भूक लागली तर पोर ओरडून सांगते, तहान लागली तर मागून घेते. मग एवढी एकच गोष्ट दात-ओठ खाऊन का सोसायची? खाल्लं-प्यायलं ते जाणार कुठे? ही लाज पोरी पोटातून घेऊन येत नाहीत. आपण शिकवतो. तू माझं भांडं लपवतेस ना, तशी."

बाईंची मान खाली गेली. "पण आई, तिने मला गळ घातली आहे, कुणाला सांगू नका म्हणून. सभेत मी काय सांगू?"

"तिचं नको सांगूस. तुझं सांग."

सभेत मुख्याध्यापकांचं भाषण झालं. नाजूक प्रकृती, दैव, काळजी. बाई मागून उठून पुढे आल्या.

"मुलीची प्रकृती ठणठणीत होती," त्या म्हणाल्या. "दोष माझ्या नियमाचा आहे. रात्री पाणी बंद, तंबू बंद. माझ्या शिबिरात रात्री कुणी बाहेर पडत नाही, असं मी मिरवत आले. ते खोटं आहे. त्या रात्री एक जण बाहेर पडलं होतं. ती मी! माझी सोय मी करून घेतली आणि तुमच्या मुलींना कोंडून ठेवलं. शिबिर बंद करू नका. नियम बदला, हवं तर मला बदला."

मग एक आई उभी राहिली. "माझी थोरली तुमच्याच शिबिराला आली होती. जायच्या आदल्या दिवसापासून तिने पाणी सोडलं होतं. मीच सांगितलं होतं तसं," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून खाली बसली. तिच्या मागे दुसरी उठली, तिसरी उठली. शेवटी मुख्याध्यापकांनी शिबिर बंद करायचा विषय मागे घेतला.

शिबिर पुढच्या हिवाळ्यातही झालं. पिंपाच्या तोटीला फडकं नव्हतं. झोपायच्या तंबूंना लागून एक छोटा तंबू उभा केला होता. आत कंदील, झाकणाची बादली, वर टाकायला राखेचं डबडं, पाणी, कोरड्या कपड्यांचं गाठोडं. रात्री जायचं तर जोडीने जायचं, आणि बाईंना उठवायला लाजायचं नाही. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांदेखत बाई मोठ्याने म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते." मुली फिसकन हसल्या. बाईही हसल्या. पण त्या रात्री तंबूंच्या चेन बिनदिक्कत वाजत राहिल्या.

टिल्ली त्या मुलींमध्ये नव्हती. आईबापांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं होतं. बाई एकदा तिच्या घरी गेल्या होत्या. ती दाराआडूनच "बरी आहे" म्हणाली आणि आत गेली. तिने मान वर केली नाही. ते नुकसान आता कुठल्याही तंबूने भरून निघणार नव्हतं. अंधारात चेन वाजली की बाई दचकून जाग्या व्हायच्या आणि कुणी हाक मारतंय का, म्हणून कान देऊन पडून राहायच्या.

वाचकहो, शिस्त हवी, कुणी नको म्हणत नाही. पण देहाचा धर्म म्हणजे बेशिस्त नव्हे, आणि जो नियम आपल्याला स्वतःला पाळवत नाही, तो लेकरांवर लादणं हा अन्यायच आहे. आपली मुलं शाळेत, सहलीला, परक्या घरी राहायला जातात, तेव्हा आपण त्यांना डबा दिला का, स्वेटर दिला का, विचारतो. 'रात्री लागली तर कुठे जाशील, कुणाला उठवशील?' हेही विचारा. मोकळेपणाने, चारचौघांत विचारा.

बाईंच्या घरी आता पाहुणे आले तरी ते पांढरं भांडं खाटेखालीच असतं.