गाडीला लागलेली हळद

कानांवर हात ठेवू नका; ही घरघर माझीच आहे. गाड्यांना चमक आणणारा मी एक स्वस्तातला पॉलिशर, वाटूरच्या फाट्यावरून आपल्याशी चार शब्द बोलू इच्छितो.

माझा जन्म कोठे झाला हे माझ्या अंगावर लिहिलेले नाही. पुढे गरगर फिरणारी चकती, तिच्यावर पांढऱ्या फोमची गादी, मागे आखूड वायर आणि वेग कमीजास्त करणारे एक बटण, ज्याच्या आकड्यांवर माझा स्वतःचाही विश्वास नाही. देवाने देह दिला तो असा. तक्रार नाही.

फाट्यावर कल्याण नावाच्या तरुणाचे गाड्या धुण्याचे सेंटर आहे. गिऱ्हाइकाला हल्ली चमकही हवी असते, म्हणून त्याने मला घरपोच मागवले आणि मोबाइलवर पाहून तो शिकायला बसला. पहिल्याच दिवशी त्याने गादीवर पॉलिशची मलई घेतली आणि मला हवेतच सुरू केले. मलई गाडी सोडून सर्वत्र गेली: भिंतीवर, त्याच्या मिशांवर, दोरीवर वाळत घातलेल्या त्याच्या मायच्या लुगड्यावर. गादी आधी पत्र्यावर टेकवावी आणि मग बटण दाबावे, हे त्याला मायच्या बोलण्यातून चांगलेच कळले.

दुसरी गोष्ट मात्र कळेना. तो मला दाबत असे. जितका जोर तितकी चमक, असा माणसांचा दृढ समज आहे. सरावासाठी भंगारातून आणलेल्या बॉनेटची कड त्याने अशीच रगडून जाळली. रंग गेला आणि खालचा पत्रा उघडा पडला.

मग दसरा आला. त्या दिवशी इकडे नांगरापासून कात्रीपर्यंत प्रत्येक हत्यार देव असते. माय ताट घेऊन माझ्यापुढे बसली आणि माझे कपाळ शोधू लागली. समोर पांढरी गोल गादी दिसली, तेच कपाळ ठरले. तिने त्यावर ओल्या हळदीची बोटे ओढली, वर कुंकू लावले, झेंडू वाहिला. मी धन्य झालो. यंत्राच्या जन्माला येऊन नमस्कार मिळणे ही काय लहान कृपा आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईलचाचा आले. शेजारीच त्यांचे पंक्चरचे दुकान. त्यांच्या लेकीचा, अंबरीनचा, निकाह त्याच दुपारी होता आणि तिची पाठवणी आपल्याच जुन्या पांढऱ्या गाडीतून व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. गाडी सोपवून ते मंडपाकडे गेले.

कल्याणने झेंडू बाजूला ठेवला. पण देवाचे कुंकू पुसायला त्याचा हात धजेना. फिरता फिरता आपोआप जाईल, असे म्हणून त्याने त्यावरच मलई घेतली. मी फिरलो, आणि पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर पिवळी-गुलाबी वर्तुळे उमटत गेली. जुना, भुकटी सुटलेला रंग. त्याने हळद पाण्यासारखी पिऊन घेतली.

तेवढ्यात चाचा चहा घेऊन परतले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवून पाहिले.

"कल्याण, पोरीला हळद काल लागली. तू आज गाडीलाबी लावून राह्यला का?"

"चाचा, मायनं पूजा केल्ती मशीनची. मी पुसलंच न्हाई."

"मंग आता पूस. भाड्याच्या गाडीत मी लेकीला धाडणार न्हाई."

चाचा तिथेच बाकावर बसले. कल्याणने गादी बदलली आणि सवयीने जोर लावला. पत्रा तापला, जळका वास आला. बॉनेटची कड जवळच होती. त्याने मला उचलले. डोळे मिटून तो पुटपुटू लागला, "विठ्ठल, विठ्ठल."

पुन्हा टेकवले तेव्हा त्याच्या हातांत जोर उरलाच नव्हता. होता तो केवळ आधार. वेग कमी, माझे वजन माझेच, आणि एका नामाला एक संथ पट्टा. तेव्हा कुठे मला मोकळेपणी फिरता आले. मीपण गळून पडल्यावर भजनाला रंग चढतो, तसे काहीसे ते झाले. पिवळेपण हलके हलके निघाले आणि खालून पांढरा रंग वर आला.

बॉनेटच्या एका खाचेत मात्र पिवळी रेघ राहिली. माझी गादी तिथे पोचत नव्हती. कल्याण ब्रश शोधू लागला, तोच चाचांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. लेक चाल्ली हाय त्या गाडीतून. थोडी हळद बराबर दिसती."

दुपारी गाडी निघाली. अंबरीनला निरोप देणाऱ्यांच्या गर्दीत कल्याणही होता, बाह्यांना मलई तशीच.

आता माझ्या मोटरमधले कार्बनचे तुकडे झिजले आहेत आणि घरघर वाढली आहे. तरी रोज एखादी गाडी उजळते. जो कोणी मला हाती घेईल, त्याच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: जोर घरी ठेवून यावे. फिरण्याचे काम माझे आहे. आपण केवळ सोबत चालावे.