पडद्याची खिडकी

आमच्या मोफत जेवणघरात पडद्याची खिडकी मिळणं म्हणजे मोठा मान. पुढच्या दाराने कुणीही येतं, ताट घेतं, बसतं. पण ज्यांना चारचौघांत फुकटचं खायची लाज वाटते, ते मागच्या बोळातून येतात. पडद्याखालच्या फटीतून डबा आत सरकतो, भरून बाहेर जातो. आतल्याने बोलायचं नाही, पडदा उचलायचा नाही. दिसतो तो फक्त हात. म्हणून तिथे भरवशाचं माणूस बसवतात.

आणि बसवलं कुणाला? माझ्या धाकट्या जावेला! माझा जन्म गेला पुढच्या पातेल्यावर घाम गाळण्यात, आणि ही काल आली नि आज खिडकीवर. जळफळाट झाला माझा. लपवू कशाला?

घरी नवऱ्यापाशी धुसफुसले. ते सुतारकामाच्या कारखान्यात. दुपारी मालकच जेवू घालतो म्हणायचे, आणि संध्याकाळी ताट पोरांकडे सारायचे. म्हणाले, "सोड गं. खिडकी काय, पातेलं काय, पोटात जातं ते एकच."

"तुम्हाला काय कळणार!" मी म्हटलं.

मग मी जावेवर डोळा ठेवला. आणि सापडली की! नियम एका डब्याला एक डाव, पण एका डब्यात तिने गुपचूप दोन डाव ओतले. मी तडक जेवणघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडे गेले, तिखटमीठ लावून सांगितलं. जाऊ लाल झाली, पण तोंडातून चकार शब्द नाही. बाई मला म्हणाल्या, "आज तू बस खिडकीवर."

मी अशी काही मिरवत गेले! जाऊ मागे भांडी पुसत राहिली. म्हटलं, बस आता.

डबे येत होते, मी भरत होते. मग दूध पावडरचा एक रिकामा डबा आत आला. धरणाऱ्या हाताची करंगळी अर्धीच होती, करवतीने नेलेली.

माझा डाव हवेतच राहिला. या वेळी ते कारखान्यात असायचे! कसला कारखाना आणि कसला मालक! मी पुढच्या पातेल्यावर असते हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून मागचा बोळ. आणि माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग त्यांनी हजारदा पाहिलेला. तो दिसला तर हा माणूस पुन्हा इथे फिरकणार नाही. उपाशी राहील, पण येणार नाही.

मी हात मागे घेतला आणि जावेची बाही ओढली. तिने माझ्याकडे पाहिलं, डाव घेतला, आणि त्या डब्यात दोनदा भरून ओतला. तिला सगळं माहीत होतं, मेलीला.

डबा बाहेर गेला. कठड्यावर बोटं दोनदा वाजली. घरी जेवण आवडलं की ते ताटावर अशीच वाजवायचे. कितीतरी दिवसांत मी ती टकटक ऐकली नव्हती. आज ऐकली, तर ती तिच्यासाठी.

मी बाईंना जाऊन सांगितलं, "खिडकी तिलाच द्या. मला पातेलंच बरं."

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं ताट सारलं. "दुपारचं अजून अंगावर आहे गं. काय वाढलं होतं म्हणून सांगू!"

"हो का?" मी म्हटलं, आणि तोंड फिरवून चुलीत बघत बसले.